तुयुका भाषेतले म आणि न कोठून येतात?

भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, दक्षिण अमेरिकेतल्या तुकानोअन भाषाकुळातील तुयुका भाषेच्या ध्वनींचे कोष्टक तिने पाहिले तेव्हा त्यात म, न, ञ, ङ यांपैकी एकही अनुनासिक व्यंजन तिला आढळले नाही. प्रत्यक्ष शब्दांच्या याद्यांत मात्र म आणि न जागोजागी दिसतात. तेव्हा कोष्टकात चूक आहे, की हा केवळ मांडणीचा खेळ आहे, मराठीभाषकाने तो कसा समजून घ्यावा, आणि जी भाषा बोलणारी माणसेच थोडी उरली आहेत तिच्या नोंदणीत अशा सूक्ष्म विचाराचा उपयोग काय, असे तिचे प्रश्न आहेत. गेली अनेक वर्षे ध्वनिविचार शिकवताना मी तुयुकाची उदाहरणे दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वर्गात हाच प्रश्न उठतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी भाषेचा ठावठिकाणा सांगणे आवश्यक आहे. तुकानोअन कुळात वीसेक भाषा आहेत. त्यांची पश्चिम शाखा कोलंबिया, एक्वाडोर आणि पेरू या देशांत पुतुमायो व नापो या नद्यांच्या परिसरात आहे. सिओना, सेकोया, कोरेग्वाहे या तिच्यातल्या भाषा. पूर्व शाखा व्हाउपेस नदीच्या खोऱ्यात, कोलंबिया आणि ब्राझील यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. तुकानो, कोतिरिया, देसानो, बारासाना, बारा, तातुयो, माकुना आणि आपली तुयुका या त्या शाखेतल्या. तुयुका लोकांची वस्ती तिकिए नदीच्या वरच्या भागात आणि पापुरी व इनाम्बू या नद्यांच्या काठी आहे. दोन्ही देश मिळून भाषकांची संख्या हजाराच्या आसपासच धरली जाते. या प्रदेशातील विवाहाची रीत भाषेशी बांधलेली आहे: माणसाची भाषा म्हणजे त्याच्या वडिलांची भाषा, आणि जोडीदार दुसऱ्या भाषेच्या गटातलाच असावा लागतो. त्यामुळे घरात आईची भाषा वेगळी, आजीची कदाचित आणखी वेगळी, आणि मूल वाढते ते तीन-चार भाषा कानावर घेतच. हे लक्षात ठेवावे, कारण इतक्या जवळच्या नात्याच्या भाषा एका छपराखाली बोलल्या जात असताना त्यांचे ध्वनी एकमेकांत मिसळू न देणे ही तिथल्या माणसाची रोजची सवय आहे.

आता ध्वनींकडे वळू. तुयुकात स्वर सहा आहेत: इ, ए, आ, ओ, उ हे पाच आपल्या ओळखीचे, आणि सहावा असा की जीभ इ आणि उ यांच्या मधोमध उंच उचलायची, पण ओठांचा चंबू करायचा नाही. मराठीत हा स्वर नाही. उ म्हणताना ओठ सरळ पसरट ठेवले तर त्याच्या जवळपास जाता येते. व्यंजने मोजकी आहेत: प, त, क हे अघोष स्पर्श, ब, द, ग हे घोष स्पर्श, स, जिभेचा एकच हलका फटका देऊन उच्चारला जाणारा र, आणि व, य, ह. महाप्राण व्यंजने नाहीत, मूर्धन्य नाहीत, जोडाक्षरे नाहीत. प्रत्येक अक्षर स्वरावर संपते आणि मूळ शब्द बहुतेक दोन मात्रांचे असतात. दीर्घ स्वर वेगळा नसून तोच स्वर दोनदा आला असे मानणे तिथे सोयीचे ठरते. एवढ्याशा सामग्रीवर ही भाषा चालते, आणि तरीही ती कानाला मुळीच सोपी नाही, कारण या कोष्टकाबाहेर राहिलेल्या दोन गोष्टी, म्हणजे अनुनासिकता आणि सूर, अर्थाचा फार मोठा भार वाहतात.

पुढे मी तुयुकाचे शब्द देवनागरीत लिहीत आहे. अनुनासिक स्वरासाठी चंद्रबिंदू वापरतो, कारण मराठी अनुस्वार कधी स्वराची अनुनासिकता दाखवतो तर कधी पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक, आणि येथे ती संदिग्धता परवडणार नाही.

जोड्यांकडे पाहा. ‘सिआ’ म्हणजे बांधणे, ‘सिँआँ’ म्हणजे मारून टाकणे. ‘होओ’ म्हणजे केळे, ‘होँओँ’ म्हणजे तिकडे. ‘ओसो’ म्हणजे वटवाघूळ, ‘ओँसोँ’ हे एका पक्ष्याचे नाव. ‘आका’ म्हणजे खाऊ घालणे, ‘आँकाँ’ म्हणजे घशात हाड अडकणे. ‘केएरो’ म्हणजे काजवा आणि ‘केँएँरोँ’ म्हणजे स्वप्न. या जोड्यांवरून पहिल्यांदा वाटेल की तुयुकात सहा साधे आणि सहा अनुनासिक असे बारा स्वर आहेत, आणि एवढे म्हटले की प्रश्न मिटला. आता पुढची जोडी घ्या: ‘दिति’ म्हणजे हरवणे आणि ‘निँतिँ’ म्हणजे कोळसा. येथे स्वर अनुनासिक झाले तेव्हा द च्या जागी न आला, त मात्र जसाच्या तसा राहिला. ‘बिपि’ म्हणजे सुजलेला, तर ‘मिँपिँ’ हे एका प्राण्याचे नाव. ब च्या जागी म, प तसाच. संपूर्ण शब्दसंग्रह चाळला तरी साध्या स्वरांच्या शब्दात म किंवा न मिळत नाही आणि अनुनासिक स्वरांच्या शब्दात ब किंवा द मिळत नाही. ज्या दोन ध्वनींची गाठ एकाच परिसरात, म्हणजे सारख्याच शेजारी ध्वनींच्या संगतीत, कधीच पडत नाही, ते दोन ध्वनी एकाच स्वनिमाची, म्हणजे अर्थभेद करणाऱ्या एकाच मूळ ध्वनीची, दोन रूपे मानावीत, हा आपण पहिल्या सत्रात शिकलेला नियम येथे लागू पडतो. म हे ब चे, न हे द चे आणि ङ हे ग चे अनुनासिक परिसरातले रूप आहे. म्हणून ते कोष्टकात नाहीत, आणि त्यामुळे कोष्टक चुकीचे ठरत नाही.

विद्यार्थ्यांचा आक्षेप नेमका येथेच असतो, आणि तो योग्यही असतो: मग उलटे का मानू नये? म आणि न हे मूळ धरून ब आणि द त्यांच्यापासून का काढू नयेत? किंवा बारा स्वर मानून व्यंजने त्यांच्या मागे जातात असे का म्हणू नये? या आक्षेपाचे उत्तर गणितासारखे देता येते. समजा अनुनासिकता हा प्रत्येक स्वराचा स्वतंत्र गुण आहे. मग दोन स्वरांच्या मूळ शब्दात चार शक्यता निघतात: दोन्ही साधे, दोन्ही अनुनासिक, पहिला साधा व दुसरा अनुनासिक, पहिला अनुनासिक व दुसरा साधा. तुयुकाच्या मूळ शब्दांत यांपैकी पहिल्या दोनच मिळतात. ‘दितिँ’ किंवा ‘निँति’ असा मूळ शब्द तिथे नाही. बारा स्वर मानणाऱ्याला ही अर्धी जागा रिकामी का, याचे कारण देता येत नाही. त्याच्या लेखी तो निव्वळ योगायोग ठरतो. परंतु अनुनासिकता ही स्वराची किंवा व्यंजनाची मालमत्ता नसून संपूर्ण मूळ शब्दाची, म्हणजे रूपिकेची, आहे असे मानले की शक्यताच दोन उरतात आणि दोन्ही भाषेत सापडतात. ‘निँतिँ’ या शब्दाचे मनातले रूप म्हणजे ‘दिति’ ही ध्वनींची ओळ आणि तिच्यावर पांघरलेली एकच अनुनासिकता. बारासाना भाषेत पक्ष्याला ‘मिँनिँ’ म्हणतात. त्यात चार ध्वनी नाकातून येतात, पण भाषकाने लक्षात ठेवायची गोष्ट एकच असते.

मला या भाषांबद्दल सांगायचे आहे ते मुख्यतः हेच, आणि मराठीभाषकाच्या कानाला ते अवघड जाते. आपण अक्षरागणिक ऐकायला शिकलो आहोत; आपल्या लिपीनेही तीच सवय लावली आहे. ‘निँतिँ’ हा शब्द मराठी माणसाला वाचायला दिला तर तो बहुतेक ‘नीती’ असे म्हणतो: न नाकातून, पुढची इ थोडी नाकाळलेली, आणि त आला की नाकाची वाट बंद होऊन शेवटची इ स्वच्छ. मराठीत ते बरोबरच आहे, कारण न चा परिणाम शेजारच्या स्वरावर थोडासा पडतो आणि तिथेच संपतो. तुयुकाच्या भाषकाला मात्र या उच्चारात शब्दाचे अर्धेच अंग ऐकू येते. त्याच्या भाषेत त हा मधला दगड आहे. पाणी त्याच्या पलीकडेही तेच वाहत असते.

आता ही अनुनासिकता काही ध्वनींना लागू होते आणि काहींना का होत नाही, हे पाहू. त्यामागे तोंडातल्या हवेचे साधे गणित आहे. अनुनासिक ध्वनीसाठी मृदुतालू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, खाली येऊन नाकाची वाट उघडावी लागते. प, त, क या व्यंजनांचा सारा जोर तोंडात हवा कोंडून तिचा दाब वाढवण्यावर असतो. नाकाची वाट उघडी राहिली तर हवा तिकडून निसटते आणि स्फोट होतच नाही. स चेही तसेच आहे, कारण घर्षणाचा आवाज निर्माण व्हायला दातांजवळच्या अरुंद फटीतून जोराची हवा जावी लागते. म्हणून ही चार व्यंजने अनुनासिक शब्दात शिरली तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. ब, द, ग यांत कंठाचा नाद चालू असतो. नाकाची वाट उघडली तर त्यांचे सहजच म, न, ङ होतात. ह ची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. तो स्वरयंत्रात, म्हणजे नाकाच्या वाटेच्याही खाली तयार होतो, तेव्हा ती वाट उघडी असो की बंद, त्याच्या निर्मितीला काही बाधा येत नाही. म्हणून ‘होँओँ’ या शब्दात ह पण नाकातून येतो, तर ‘ओँसोँ’ मधला स येत नाही. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी हा वायुगतीचा मुद्दा अनेक भाषांच्या संदर्भात ठासून मांडला होता, आणि तुयुकाच्या यादीत तो पडताळून पाहता येतो.

अनुनासिक व आणि अनुनासिक य हे ध्वनी ऐकून विद्यार्थी दचकतात, पण ते आपल्या तोंडात रोज असतात. ‘संवाद’ हा शब्द सावकाश म्हणून पाहा: अनुस्वाराच्या जागी म नाही, न नाही, तर नाकातून आलेला व आहे. ‘संयम’ म्हणताना तेथे नाकातला य येतो, आणि ‘संशय’, ‘संसार’, ‘सिंह’ यांतही बहुतेक मराठी बोलणारे अनुस्वाराचा उच्चार नाकातल्या व सारखा करतात. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेने तर य, व, ल यांचे अनुनासिक आणि निरनुनासिक असे दोन भेद स्पष्टपणे नोंदवलेले आहेत. त्या परंपरेत र ला असा भेद दिलेला नाही. तुयुकात तो आहे, ‘केँएँरोँ’ मधला र नाकातून येतो, आणि एवढ्या एका ध्वनीसाठी मराठीभाषकाला थोडा सराव करावा लागतो. कोकणी बोलणाऱ्यांना स्वरांच्या बाबतीत आणखी सोपे जाते, कारण त्यांच्या भाषेत अनुनासिक स्वर अजून अर्थ बदलतात. प्रमाण मराठीत ते जवळजवळ गेले, आणि 1962 च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातूनही काढले.

एखादा गुण दूरवर पसरतो आणि वाटेतली काही व्यंजने त्याला अडवत नाहीत, ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. शाळेत संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने ‘रामेण’ आणि ‘अर्जुनेन’ ही रूपे पाठ केलेली असतात. ‘रामेण’ मध्ये र चा मूर्धन्यपणा मधले स्वर आणि म ओलांडून न पर्यंत पोहोचतो व त्याचा ण करतो. ‘अर्जुनेन’ मध्ये ज वाटेत आडवा येतो आणि न तसाच राहतो. कोणते ध्वनी वाट देतात आणि कोणते अडवतात याची नेमकी यादी पाणिनीने सूत्रात बांधली आहे. फरक एवढाच की णत्वात प्रवासाच्या शेवटी एकच ध्वनी बदलतो, तर तुयुकात वाटेवरचा जो जो ध्वनी बदलू शकतो तो तो बदलतो. मी वर्गात तुयुका शिकवण्यापूर्वी णत्वाचा नियम फळ्यावर लिहितो, आणि त्या दिवशी प्रश्न निम्मे होतात असा माझा अनुभव आहे.

खरी परीक्षा प्रत्ययांच्या ठिकाणी होते. तुयुकाचे क्रियापद प्रत्ययांनी लांबत जाते, आणि या प्रत्ययांचे तीन प्रकार आहेत: काही कायम साधे राहतात, काही कायम अनुनासिक असतात, आणि काहींना स्वतःचा असा रंग नसतो, ते मागच्या मूळ शब्दाचा रंग घेतात. तिसऱ्या प्रकारचे एक उदाहरण पाहा. ‘तुति’ म्हणजे रागावणे, ओरडणे. त्याला सावध करणारा प्रत्यय ‘या’ लावला की ‘तुति-या’ होते: जपून, नाहीतर ओरडा खाशील. ‘हिँइँ’ म्हणजे भाजणे. त्याला तोच प्रत्यय लावला की ‘हिँइँ-याँ’ होते, आणि त्यातला य आपल्या ञ च्या जवळ जातो: जपून, नाहीतर भाजशील. प्रत्यय एक, अर्थ एक, पण मूळ शब्दाची अनुनासिकता सीमा ओलांडून त्याच्यात उतरली. असे रंग घेणारे प्रत्यय सामान्यतः स्वराने किंवा य, व, र, ह यांसारख्या मोकळ्या व्यंजनाने सुरू होतात. प, त, क, स यांनी सुरू होणारे प्रत्यय आपापला रंग राखून असतात. म्हणजे मूळ शब्दाच्या आत जो त अनुनासिकतेला वाट देतो, तोच प्रत्ययाच्या उंबरठ्यावर उभा असेल तर देत नाही. हा भेद मला या संपूर्ण व्यवस्थेतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटतो, कारण तो दाखवतो की अनुनासिकतेची ही हालचाल केवळ स्नायूंच्या सुस्तीने होत नाही. शब्द कोठे संपतो आणि प्रत्यय कोठे सुरू होतो हे तिला माहीत असते.

ती एका दिशेनेच जाते, हेही पाहण्यासारखे आहे. तुयुकात माणूस जे सांगतो ते त्याला कसे कळले हे क्रियापदाच्या प्रत्ययातच सांगावे लागते. जॅनेट बार्न्स यांनी 1984 मध्ये या प्रत्ययांवर लेख लिहिला, आणि तेव्हापासून तुयुकाचे नाव भाषावैज्ञानिकांत सर्वत्र झाले. ‘दीगा आपे-वि’ म्हणजे तो फुटबॉल खेळला, आणि ते मी पाहिले. ‘आपे-ति’ म्हणजे पाहिले नाही पण आवाज ऐकला. ‘आपे-यि’ म्हणजे मागे राहिलेल्या खुणांवरून कळले. आणि ‘आपे-हिँयि’ म्हणजे तो खेळला असावा असे मानायला जागा आहे. शेवटच्या रूपात ‘हिँ’ अनुनासिक आहे, पण त्याच्या आधीचा ‘आपे’ साधाच राहतो. मूळ शब्द प्रत्ययाला रंग देतो. प्रत्यय मूळ शब्दाला देत नाही. बार्न्स यांनी 1996 मध्ये पुन्हा याच भाषेवर लिहिताना प्रत्ययांचा हा तिपेडी भेद मांडला, आणि वरच्या जोड्यांतल्या बहुतेक त्या लेखनामुळेच जगभरच्या वर्गांत पोहोचल्या.

सिद्धान्ताच्या पातळीवर यावर मोठी चर्चा झाली आहे, ती थोडक्यात सांगतो. अनुनासिकतेसारखा गुण ध्वनींच्या ओळीपासून सुटा काढून त्याला स्वतःचा वेगळा स्तर द्यावा, ही कल्पना जॉन गोल्डस्मिथ यांनी 1976 च्या प्रबंधात मांडली. ग्लाइन पिगॉट यांनी 1992 मध्ये बारासानाच्या आधारे असे म्हटले की, अशा भाषांत अनुनासिकता ज्या कप्प्यात बसते तो कप्पा अघोष व्यंजनांना नसतोच, म्हणून ती त्यांना वगळून पुढे जाते. रेचल वॉकर यांनी 1998 च्या प्रबंधात उलट बाजू घेतली: अनुनासिकता कोणालाही वगळत नाही, ती त आणि प यांच्यातूनही जाते, केवळ उच्चारात ती उमटू शकत नाही. मला वॉकर यांची बाजू अधिक पटते, कारण जगातल्या भाषांत अनुनासिकता पसरण्याचा क्रम स्वर, मग य-व, मग र-ल, मग स सारखे घर्षक आणि शेवटी स्पर्श असा एका पायरीने चढत जाताना दिसतो, आणि तुयुकाला त्या जिन्यातून वेगळे काढण्याची गरज त्यांच्या मांडणीत पडत नाही. तुयुकाची नोंद करणाऱ्याने मात्र या वादात बाजू निवडून मगच ध्वनिमुद्रण करायला जावे, असे मुळीच नाही.

सुराबद्दल मराठी वाचकाला जवळचा दाखला वेदपठणाचा आहे. वैदिक संस्कृतात सामान्यतः एका पदाला एकच उदात्त, म्हणजे उंच सुरातला स्वर, असतो. त्याचे स्थान ठरलेले असते आणि ते बदलले तर अर्थ बदलू शकतो. तुयुकाच्या शब्दातही एक अक्षर उंच सुरात उच्चारले जाते आणि बाकीची खाली राहतात, आणि तेच ध्वनी, तोच क्रम, केवळ उंच अक्षर वेगळे, अशा शब्दजोड्या मिळतात. अनुनासिकतेसारखा हाही मूळ शब्दाचा गुण आहे. आपण मराठीत सुराचा उपयोग जोर देण्यासाठी किंवा प्रश्न विचारण्यासाठी करतो, शब्द वेगळा करण्यासाठी नव्हे. त्यामुळे तुयुकातला उंच सूर आपल्याला उगाच दिलेला जोर वाटतो आणि आपण तो टिपून घेत नाही. मेळघाटात कोरकू भाषेच्या नोंदी करताना माझ्याकडून ही चूक झाली होती. मी शब्दांची यादी एकामागून एक म्हणवून घेतली, आणि यादी म्हणताना माणूस प्रत्येक शब्दाचा शेवट खाली आणतो, शेवटच्या शब्दाचा तर अधिकच. त्या यादीच्या लयीत कोरकूचा खालचा सूर पूर्णपणे बुडाला. एकच शब्द वाक्याच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी म्हणवून घेतल्याशिवाय सुराची नोंद विश्वासार्ह होत नाही, हे मी तेव्हापासून कधी विसरलो नाही.

शेजारच्या भाषांत आणखी एक गुण या दोहोंच्या जोडीला येतो. कोतिरिया भाषेचे विस्तृत व्याकरण क्रिस्टीन स्टेन्झेल यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केले; त्यात अनुनासिकता आणि सूर यांच्याबरोबर स्वरयंत्रातला क्षणिक अडथळाही मूळ शब्दाचाच गुण मानला आहे. तुकानोतही असा अडथळा आहे. तुयुकात तो नाही. एकाच घरात आईची तुकानो आणि वडिलांची तुयुका बोलली जात असताना, अनेक शब्द जवळजवळ सारखे असूनही, कोणत्या भाषेत हा अडथळा द्यायचा आणि कोणत्या भाषेत नाही, हे मुलाला चुकून चालत नाही. हे वाचताना मला नेहमी त्या घरांतल्या मुलांच्या कानांचे कौतुक वाटते.

आता विद्यार्थिनीच्या शेवटच्या प्रश्नाकडे. वरच्या रिओ नेग्रो प्रदेशात, म्हणजे व्हाउपेसच्या याच परिसरात, विसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या निवासी शाळा चालल्या आणि त्यांत मुलांना स्वतःच्या भाषा बोलण्यास मज्जाव होता. त्याच काळात तुकानो ही व्यवहाराची समाईक भाषा म्हणून पसरली आणि तुयुका कुटुंबांतही शिरली. ब्राझीलमधील साओ गाब्रिएल दा काशोएइरा या नगरपालिकेने 2002 मध्ये न्येङ्गातू, बानिवा आणि तुकानो या तीन भाषांना पोर्तुगीजच्या जोडीने अधिकृत दर्जा दिला. हे महत्त्वाचे पाऊल होते, पण त्यात तुयुका नव्हती. त्याच्या थोडे आधीपासून वरच्या तिकिएवर तुयुका लोकांनी उतापिनोपोना ही आपली शाळा उभी केली आणि मुलांना तुयुकातून शिकवायला सुरुवात केली. शाळा आली की लिपीचा प्रश्न येतो, आणि आपण इतका वेळ ज्याचा विचार केला ते सारे त्या प्रश्नात उतरते.

कोष्टकाशी प्रामाणिक राहायचे तर ‘निँतिँ’ हा शब्द अनुनासिकतेची एक खूण आधी लावून पुढे ‘दिति’ असा लिहावा लागेल. वर्णनात ते उत्तम आहे आणि मीही संशोधनासाठी तसेच लिहीन. शाळेच्या पाटीवर मात्र ते लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मूल शब्दात न ऐकते, आणि स्पॅनिश किंवा पोर्तुगीज वाचताना न आणि द ही दोन वेगळी अक्षरे त्याने शिकलेली असतात. त्याला जे ऐकू येते ते लिहू द्यावे. परंतु प्रत्येक स्वरावर खूण देण्याचा हट्टही नको. मूळ शब्दात म किंवा न असेल तर अनुनासिकता कळून चुकली. नसेल, जसे ‘सिँआँ’ किंवा ‘आँकाँ’ मध्ये, तर पहिल्या स्वरावर एक खूण पुरे, कारण उरलेला शब्द भाषकाच्या मनात आपोआप नाकातून येतो. रंग घेणाऱ्या प्रत्ययांवर खूण देऊ नये, कायम अनुनासिक प्रत्ययांवर मात्र अवश्य द्यावी. असे लिहिले की लेखन हलके होते आणि भाषकाच्या ज्ञानावर विश्वासही टाकला जातो.

नोंद करणाऱ्यासाठी मात्र नियम उलटा आहे. त्याने कशावरही विश्वास टाकून पुढे जाऊ नये. प्रत्येक मूळ शब्द किमान तीन प्रत्ययांसह मुद्रित करावा, एक कायम साधा, एक कायम अनुनासिक आणि एक रंग घेणारा, म्हणजे मूळ शब्दाची जात निश्चित होते. मुद्रण न दाबलेल्या स्वरूपात ठेवावे, कारण ध्वनिफीत लहान करणाऱ्या स्वरूपांत अनुनासिक स्वरांचे बारीक तपशील पुसट होतात. शक्य असेल तर नाक आणि तोंड यांतील हवेचा प्रवाह वेगवेगळा मोजणारा मुखवटा वापरावा. वॉकर आणि पिगॉट यांच्यातल्या वादालाही कानापेक्षा अशा मोजमापाचाच अधिक उपयोग होईल. आणि ते उपकरण नसेल तर एक लहानसा थंड आरसा नाकपुड्यांखाली आडवा धरावा. ‘केएरो’ म्हणताना तो स्वच्छ राहतो आणि ‘केँएँरोँ’ म्हणताना क चा क्षण सोडला तर शेवटच्या ओ पर्यंत त्याच्यावर वाफ धरते. विद्यार्थिनीने हा प्रयोग आधी स्वतःवर करावा, आणि ‘नीती’ म्हणून झाल्यावर लगेच ‘निँतिँ’ म्हणून पाहावे. दुसऱ्या शब्दात त नंतरही आरसा धूसर होऊ लागला की तिचा कान योग्य दिशेने वळला असे समजावे.